लेकीबरोबर मोर्चाला जाऊ का?

ताई,

मी 47 वर्षांची आहे. एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करते. मुलगी 19 वर्षांची. पुढच्या आठवड्यात एक मोठा मोर्चा आहे, लाखभर माणसं येतील म्हणतात. मुलगी जाणारच म्हणून बसलीय. विषय मलाही पटतो, तिच्याइतकाच. पण मी आयुष्यात कधी मोर्चात चाललेले नाही. गर्दीची भीती वाटते. तिला काही झालं तर, या विचारानं रात्री झोप लागत नाही. ती म्हणते, ‘मग तू पण चल.’ यांचं म्हणणं, ‘लाख लोकांत तुम्ही दोघी गेलात काय, न गेलात काय, कुणाला कळणार आहे?’ तिला अडवू? बरोबर जाऊ? की घरात देव पाण्यात घालून बसू?

– एक आई

*

तुमच्या पत्रात मोर्चाचा विषयही लिहिलेला आहे. तो मी इथं देत नाही, कारण तुम्ही विचारलंय ते कुठल्याही मागणीच्या शांततापूर्ण मोर्चाला लागू पडतं आणि विषय बदलला तरी माझं उत्तर बदलणार नाही.

अडवण्याचं आधी संपवू. अडवू नका. ती सज्ञान आहे, तिनं विचार करून ठरवलंय आणि तिचं म्हणणं तुम्हालाही पटतंय. अडवलंत तर एकतर ती तुम्हाला न सांगता जाईल, नाहीतर तुमच्यासाठी थांबेल आणि थांबल्याची सल मनात ठेवेल. न सांगता गेली तर ते सगळ्यात धोक्याचं. मोठ्या गर्दीत गेलेलं माणूस कुठं आहे, कुणाबरोबर आहे, कधी परतणार आहे, हे बाहेरच्या एका तरी माणसाला नक्की ठाऊक असलं पाहिजे. घरात भांडण करून गेलेली मुलगी नेमकं हेच सांगत नाही.

बरोबर जायचं का, हा प्रश्न मात्र वेगळा सोडवा. लेकीवर लक्ष ठेवायला जाणार असाल तर जाऊ नका. दिवसभर तुमची नजर तिच्यावर राहील, रस्त्यावर राहणार नाही. तिलाही तुमच्या काळजीचं ओझं होईल आणि तुमच्यापासून दोन पावलं लांब चालण्यासाठी ती धडपडत राहील. पण तुम्ही लिहिलंय, ‘विषय मलाही पटतो, तिच्याइतकाच.’ तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते खरं असेल तर तुम्हाला जायला तुमचं स्वतःचं कारण आहे. त्या कारणासाठी जा. मग तुम्ही दोघी एका कामाला निघालेल्या दोन बायका असाल आणि एकमेकींची काळजी दोन्हीकडून घेतली जाईल.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती घालवायच्या मागे लागू नका. मी स्वतः मोर्चांमध्ये स्वयंसेवक म्हणून उभी राहिले आहे आणि मनापासून सांगते, मोर्चा शांत राहतो तो तुमच्यासारख्या जपून वागणाऱ्या माणसांमुळे. आपल्याला बाहेरून वाटतं की मोर्चा एकतर शांत असतो, नाहीतर बिघडतो, जसं काही ते नशिबावर आहे. तसं नसतं. शांतता आधी ठरवावी लागते, तिची तयारी करावी लागते आणि रस्त्यावर दर दहा मिनिटांनी ती पुन्हा राखावी लागते. हे काम व्यासपीठावरचे चार नेते करू शकत नाहीत. रांगेतल्या माणसांनाच ते करावं लागतं.

28 ऑगस्ट 1963 ला अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी जो मोर्चा निघाला, त्यातलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण जगाला माहीत आहे. त्या दिवशी सुमारे अडीच लाख माणसं जमली होती. दंगल होणार असं आधी अनेकांनी धरून ठेवलं होतं. दिवस शांततेत गेला. त्यामागे बेयार्ड रस्टिन नावाचा माणूस होता आणि त्याच्या हाताशी दोन महिनेसुद्धा नव्हते. त्यानं लक्ष कशावर घातलं ते पाहा. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय पोलिसांना त्यानं स्वयंसेवक म्हणून बोलावलं आणि बिनहत्यारी उभं केलं. भांडण पेटू लागलं तर हात न उगारता ते कसं विझवायचं, याचं शिक्षण त्यांना दिलं. पाणी, शौचालयं, प्रथमोपचार, येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या, सगळ्याचा हिशेब मांडला. लोकांनी बरोबर काय खायला आणावं आणि उन्हात खराब होणारं काय आणू नये, हेसुद्धा छापील पत्रकात लिहिलं. ध्वनिक्षेपक उत्तम हवेत म्हणून तो हटून बसला, कारण ज्या गर्दीला ऐकू येत नाही ती चुळबुळ करते, पुढं सरकते, ढकलाढकली सुरू होते. नागरी हक्कांचा कायदा पुढच्या वर्षी, 1964 मध्ये झाला. त्याचं श्रेय एका दिवसाला देता येणार नाही. पण तो दिवस बिघडला असता तर कायद्याच्या विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं असतं.

तुम्ही हिशेबाचं काम करता. मग आयोजकांना हिशेब विचारा. मोर्चाची मागणी एका वाक्यात काय आहे? मार्ग कोणता, सुरुवात कुठून, शेवट कुठं? परवानगी कुणाच्या नावावर आहे? पाणी आणि शौचालयं कुठं असतील, स्वयंसेवक कसे ओळखायचे, डॉक्टर कुठं उभे राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोर्चा किती वाजता संपणार आणि संपला हे कोण जाहीर करणार? लोक सहसा सुरुवातीची वेळ विचारतात, शेवटाची विचारत नाहीत. ज्या आयोजकांनी शेवटाचा विचार केलाय, त्यांनी बाकीचा विचार बहुतेक केलेला असतो. या प्रश्नांवर ‘या तर खरं, होईल सगळं’ एवढंच उत्तर आलं, तर विषय कितीही पटत असला तरी त्या मोर्चाला जाऊ नका आणि लेकीलाही हेच कारण सांगा. मुलं ‘मला भीती वाटते’ हे ऐकून घेत नाहीत, पण ‘त्यांना शेवटाची वेळ सांगता आली नाही’ हे त्यांनाही खटकतं.

एक कायद्याची बाजू. शांतपणे एकत्र येण्याचा हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 21 मध्ये लिहिलेला आहे. हा करार 1966 चा, अमलात आला 1976 मध्ये. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. गर्दीतल्या काहींनी हिंसा केली म्हणून बाकीच्या सगळ्यांचा शांतपणे जमण्याचा हक्क जात नाही, असं तिनं म्हटलं आहे. हे ठाऊक असावं. पण रस्त्यावर तुमच्यासमोर उभा असतो तो तुमच्या देशाचा, तुमच्या शहराचा नियम. त्या दिवशी जमावबंदी आहे का, कोणता रस्ता बंद आहे, फलकाला काठी चालते का, चेहरा झाकलेला चालतो का, हे आधी बघा. आणि तुमच्या नोकरीच्या अटींचा कागद काढून वाचा. राजकीय कार्यक्रमांबद्दल त्यात काही लिहिलं असेल तर ते आज कळलेलं बरं.

गर्दीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमची खरी भीती ती आहे आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवून मरतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात बरीचशी माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही. म्हणून गर्दी किती मोठी आहे यापेक्षा ती किती दाट आहे हे बघायचं. मोकळ्या रुंद रस्त्यावरून चालणारी लाख माणसं सुरक्षित असू शकतात आणि अरुंद गल्लीतली काही हजार धोक्यात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या इटेवॉन भागात जेमतेम तीन-चार मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत 159 जणांचा जीव गेला. तो मोर्चा नव्हता, सणाची गर्दी होती आणि तिला कुणी आयोजकच नव्हता. येणाऱ्या लोंढ्याला वळवणारं, थांबा म्हणणारं तिथं पुरेसं कुणी नव्हतं.

एका चौरस मीटरात चार माणसं असेपर्यंत आपण आपल्या मर्जीनं वळू शकतो. पाचाच्या पुढं हालचाल अवघड होते. सहा-सातच्या वर गेलं की माणसाचं पाऊल त्याचं राहत नाही, गर्दीच त्याला नेते. तिथं उभं राहून कुणी मोजत बसणार नाही, म्हणून शरीराच्या खुणा लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंच्या खांद्यांना सतत परके खांदे लागायला लागले की निघायची वेळ झाली. हात वर नेऊन चेहऱ्याला लावणं कठीण वाटलं तर उशीर होतोय. आणि कुणी ढकललेलं नसताना सगळे एकदम एका बाजूला झुकून परत आले, अशी लाट जाणवली, तर दुसरं काहीही न बघता बाहेर पडायला लागा.

बाहेर पडायचं ते तिरकं. लोंढ्याच्या विरुद्ध जाऊ नका, ताकद संपते. लाट येते तेव्हा तोल सांभाळून तिच्याबरोबर राहायचं आणि ती ओसरली की तिरपं कडेकडे सरकायचं. दोन्ही हात छातीसमोर दुमडून ठेवायचे, म्हणजे श्वासाला थोडी जागा राहते. ओरडण्यात श्वास घालवू नका. चप्पल गेली, फोन पडला तर वाकू नका. शेजारचं कुणी पडलं तर मात्र लगेच उठवा, आजूबाजूच्यांना हाक द्या.

हे सगळं वाचून छातीत धडधडलं असेल, तर आता सोपी गोष्ट सांगते. यातलं जवळजवळ काहीच करावं लागत नाही, जर तुम्ही सुरुवातीपासून कडेनं चाललात तर. व्यासपीठासमोर, कठड्यांजवळ, पुलाखाली आणि रस्ता अरुंद होतो तिथं थांबू नका. बाजूचे रस्ते कुठं फुटतात ते आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा. शक्य असेल तर दोघी जाऊन तो मार्ग एकदा पायी फिरून या. ओळखीच्या रस्त्यावर भीती निम्मी होते.

आणखी एक गैरसमज. गर्दीत शिरलं की माणसाचं भान सुटतं, असं अजूनही सर्रास म्हणतात. क्लिफर्ड स्टॉट, जॉन ड्रुरी, स्टीफन रायकर या अभ्यासकांनी गेली कित्येक वर्षं गर्दीचं निरीक्षण केलंय आणि त्यांना वेगळं चित्र दिसलं. संकटात गर्दीतली माणसं बहुतेक वेळा एकमेकांना मदत करतात. गर्दी चिडते ती अनेकदा तेव्हा, जेव्हा शांत असलेल्यांना आणि दगड उचलणाऱ्यांना एकाच मापानं मोजलं जातं. म्हणून दगड उचलणाऱ्यापासून अंतर ठेवणं ही तुमच्या सुरक्षिततेची गोष्ट आहेच, शिवाय मोर्चाच्या इभ्रतीचीही आहे. कुणी कठडा हलवायला लागलं, ‘चला पुढं, घुसा’ म्हणून चिथावायला लागलं, तर त्याच्यामागे जाऊ नका, त्याच्याशी वाद घालायलाही थांबू नका. स्वयंसेवकाला सांगा आणि दूर व्हा. काय होतंय ते बघायला थांबणारी, फोन वर धरून चित्रण करणारी माणसं चिथावणाऱ्याला नकळत गर्दी पुरवतात. शांत माणसं बाजूला झाली की तो एकटा दिसतो.

घोषणांचंही असंच. तुम्हाला एखादी घोषणा पटली नाही, कुणाच्या आईबापावर, जातीवर, धर्मावर काही निघालं, तर गप्प राहा. गप्प राहण्यानं मोर्चातला तुमचा हक्क कमी होत नाही. 9 ऑगस्ट 1956 ला दक्षिण आफ्रिकेत सुमारे 20,000 बायका पासच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांनी कायम जवळ बाळगायच्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीसमोर जमल्या होत्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स या त्यांच्या पुढारी. अर्जांचे गठ्ठे आत ठेवून आल्यावर त्या सगळ्याजणी अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. कित्येकींच्या पाठीवर लेकरं होती. त्या मौनाबद्दल आजही बोललं जातं.

आता तुम्हाला एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. आपण शांत राहिलो म्हणून समोरचेही शांत राहतील याची खात्री नसते. 7 मार्च 1965 ला अमेरिकेतल्या सेल्मा गावी मतदानाच्या हक्कासाठी पुलावरून शांतपणे निघालेल्या लोकांना पोलिसांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला. दोन आठवड्यांनी तेच लोक न्यायालयाचा हुकूम आणि लष्कराचं संरक्षण घेऊन पुन्हा निघाले. दोनच पदरी असलेल्या रस्त्यावर 300 हून जास्त माणसं चालणार नाहीत ही अट त्यांनी पाळली आणि 25 मार्चला राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीत पोचेपर्यंत ते सुमारे 25,000 झाले. मतदानाच्या हक्काचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. मला त्यांच्या पहिल्या दिवसाइतकंच मधल्या दोन आठवड्यांचं मोल वाटतं. मार खाल्लेली माणसं त्या काळात न्यायालयात गेली, अटी समजून घेतल्या आणि मगच निघाली.

तुमच्या मोर्चात हवा बदलतेय असं दिसलं, म्हणजे पोलीस शिरस्त्राणं चढवतायत, कडं घट्ट करतायत, पांगण्याच्या सूचना देतायत, तर त्या क्षणी घराकडे वळा. तुम्ही काय सिद्ध करायला आलात ते तोवर सिद्ध झालेलं असतं. अश्रुधूर सुटलाच तर डोळे चोळू नका, वाऱ्याच्या उलट दिशेनं मोकळ्या हवेत चला, नंतर भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळे धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. कुणी ताब्यात घेतलं तर हात झटकू नका, पळू नका. नाव सांगा, वकिलाशी बोलायचं आहे म्हणा आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

बाकी तयारी थोडक्यात. पायात घट्ट बसणारे बूट, अंगावर सुती कपडे, पाठीवर छोटी पिशवी, त्यात पाणी, थोडं खाणं, रोजची औषधं. ओळखपत्र असू दे, दागिने नकोत. पाळीची तारीख जवळ असेल तर त्याचीही तयारी ठेवा. आणि कृपा करून शौचालयाच्या धास्तीनं पाणी पिणं बंद करू नका. बायका हे हमखास करतात आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. शौचालय कुठं आहे ते आधी विचारायला मी सांगितलं, ते यासाठीच.

फोन पूर्ण चार्ज करून न्या, पण त्याच्यावर विसंबू नका. लाखभर फोन एका जागी आले की नेटवर्क कोलमडतं. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा, तो बऱ्याचदा जातो. दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, मुलीच्या हातावर पेनानं लिहा. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ती जागा मार्गाच्या बाहेरची ठरवा आणि वेळही ठरवा. फोन उघडायला चेहरा किंवा अंगठा ठेवू नका, आकडे ठेवा. लेकीला एवढं आवर्जून सांगा, की शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा दिसेल असा फोटो तिथूनच टाकायचा नाही. तिला त्यात काही वाटणार नाही, पण त्या माणसाची नोकरी जाऊ शकते. लहान मुलांचे तर नकोतच.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. दोघी गेलात काय, न गेलात काय, कुणाला कळणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही प्रामाणिकपणे देते. एका मोर्चानं क्वचितच काही बदलतं. 15 फेब्रुवारी 2003 ला इराकवरच्या युद्धाविरुद्ध जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि पाच आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालंच. प्रिटोरियाच्या त्या बायकांवरही पुढे पास लादले गेले. पासचे कायदे रद्द झाले 1986 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. आज 9 ऑगस्ट हा तिथं राष्ट्रीय महिला दिन आहे, पण त्या दिवशी उभ्या असलेल्या बायकांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

आणि तरीही संख्या मोजली जाते, कारण एकदाच्या मोर्चापेक्षा सातत्यानं चाललेल्या चळवळीचा हिशेब वेगळा निघतो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 चळवळी तपासल्या. हिंसेनं लढलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा यशस्वी झाला होता, अहिंसेनं लढलेल्यांपैकी निम्म्याहून थोडा जास्त. त्यांनी दिलेलं एक मोठं कारण मला तुमच्या घराला अगदी लागू वाटतं. शांत चळवळीत कुणीही येऊ शकतं. म्हातारी माणसं, नोकरदार, गर्दीला भिणाऱ्या आया. जितकी तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात, तितकं समोरच्या पोलिसाला, अधिकाऱ्याला त्यांच्यात आपलं कुणीतरी दिसतं आणि हुकूम जसाच्या तसा पाळणं त्याला जड जातं. 9 ऑक्टोबर 1989 ला तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लायपझिगमध्ये सत्तर हजार माणसं संध्याकाळी रस्त्यावर आली, तेव्हा गोळीबार होणार याच भीतीनं शहर धास्तावलेलं होतं. ‘हिंसा नको’ अशा घोषणा देत लोक चालले, कुणी दगड उचलला नाही आणि बंदोबस्ताला आणलेल्यांनी गोळी चालवली नाही. बरोबर एका महिन्यानं बर्लिनची भिंत उघडली. त्या सत्तर हजारांतल्या प्रत्येकाच्या घरी त्या संध्याकाळी कुणीतरी ‘तू गेल्यानं काय होणार’ म्हटलं असेल, याबद्दल मला शंका नाही.

यजमानांना पटवत बसू नका. त्यांना काम द्या. घरी थांबणारा माणूस ही मोर्चातली खरी जबाबदारी आहे. तुम्ही दोघी कुठं आहात, कधी संदेश पाठवणार, किती वाजेपर्यंत संदेश आला नाही तर काय करायचं, हे त्यांच्याजवळ लिहून द्या. आयोजकांचा आणि एखाद्या वकिलाचा नंबर त्यांच्याकडे ठेवा. बातम्या ते बघतील, रस्ता कुठं बंद झाला ते तुम्हाला कळवतील. ज्याला मोर्चात यायचं नाही पण आपल्या माणसांची काळजी आहे, त्याला यापेक्षा योग्य काम नाही.

घरी परत आल्यावर आणखी एक प्रसंग येईल, त्याची आधीच कल्पना देते. आयोजक म्हणतील दोन लाख होते, दुसरा कुणी म्हणेल तीस हजार. लेक संतापेल. तिला सांगा की हा वाद जुना आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी आपल्या खिडकीतून चौकातली विद्यार्थ्यांची निदर्शनं पाहून मोजायची एक रीत काढली. जागेचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि दाटीप्रमाणे भागायचं, सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट असेल तर साडेचार. तुम्ही दोघी नकाशा घेऊन आपल्या मोर्चाचा आकडा स्वतः काढून बघा. हिशेब तुमच्या हातचा आहे.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की निवेदन कुणी घेतलं, काय कबूल केलं, लेखी दिलं का, मुदत किती. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांचं एक वागणं खूप गाजलं. दहावीच्या मुलांना सकाळी परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून दिवसभर चालून आलेली माणसं, त्यांतल्या कित्येकांच्या पायांना फोड आलेले, रात्रीच शेवटचा टप्पा चालून आझाद मैदानात पोचली. शहरानं त्यांना जे प्रेम दिलं त्यात या वागण्याचा मोठा वाटा होता. त्यांना लेखी आश्वासन मिळालं. आणि ते पाळलं जात नाही म्हणून पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा निघावं लागलं. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी आयोजकांना फोन करून पुढची बैठक कधी आहे ते विचारा. लाखातली फार थोडी माणसं हा फोन करतात.

आणि निघण्याआधी लेकीशी एक करार करा. दोघींपैकी जिला आधी परत फिरावंसं वाटेल, तिच्या शब्दावर दोघींनी फिरायचं. कारण विचारायचं नाही, ‘अजून पाच मिनिटं’ म्हणायचं नाही, रस्त्यात वाद घालायचा नाही. भांडायचं असेल तर घरी येऊन, पाय धुऊन, जेवून. ती हे कबूल करत असेल आणि तुम्हीही स्वतःच्या भीतीपायी पहिल्याच चौकात तो शब्द वापरणार नसाल, तर जा.

– तुमची ताई